वही कपाटात गेली

दिवाळी अंकासाठीची पत्रे आम्ही उन्हाळ्यातच टाकतो. आमचे लिहिणारे बहुतेक नोकरदार. त्यांना सुटी बघून, सवड काढून लिहावे लागते, म्हणून ही घाई. यंदा एका कथाकाराचे उत्तर आठवड्याच्या आत आले: ‘माझे नाव यादीतून काढून टाका.’ हा गृहस्थ जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. बारा वर्षांत त्याने आम्हाला सात कथा दिल्या आणि त्यांतल्या दोन आम्ही अजून विसरलेलो नाही. उत्तर एका जुन्या छापील नमुन्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले होते. कारण विचारू नये अशी विनंती होती, आणि खाली न राहवून त्याने स्वतःच कारण दिले होते, तेही घरच्या बोलीत: ‘लिखाले बसस, पण डोकामा काहीच येत नही.’

या एका ओळीसाठी आजचा अग्रलेख आम्ही खर्ची घालत आहोत. वेळ मिळत नाही ही तक्रार जुनी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनेही ती केली आणि तरी लिहिले. वेळ मिळूनही डोक्यात काही न येणे हे दुखणे निराळे. गेल्या दोन-तीन वर्षांत ते आम्ही इतक्या तोंडून ऐकले की एकट्यादुकट्याचे म्हणून सोडून देणे आता बेजबाबदारपणाचे होईल. दोंडाईच्यात, शिंदखेड्यात, शिरपुरात, नंदुरबारला कविसंमेलन भरते तेव्हा व्यासपीठाकडे जरा नीट बघा. एका बाजूला निवृत्त मंडळी, दुसऱ्या बाजूला कॉलेजातली पोरे. तिशी ते पंचावन्न हा मधला पट्टा, ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही साचलेले असते, तो खुर्ची रिकामी करून गेला आहे. तो माणूस गाव सोडून गेलेला नाही. तो कचेरीत आहे, आणि कचेरी सुटल्यावरही कचेरीतच आहे.

मोठ्या शहरातल्या वाचकाला यात घाबरण्यासारखे काय, असे वाटेल. एक कारकून थांबला, दुसरा लिहील. पण आमच्या भागात पूर्णवेळ लेखक नावाचा प्राणी नसतो, कधी नव्हता. इथे लिहितो तो शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक, एसटीचा वाहक, पतपेढीतला रोखपाल, दवाखान्यातली सिस्टर, स्टार्च कारखान्यात पाळी करणारा, बाजार समितीत मिरचीच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारा. लेखणीवर घर चालवणारा इथे एकही नाही. नोकरदारांनी लिहिणे थांबवले तर खान्देशाचे लिहिणे थांबते, इतका हा साधा हिशेब आहे.

तो हिशेब आमच्या दारावरून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर मांडून दाखवता येतो. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईच्याहून पूर्वेकडे निघा. विखरण, शिंदखेडा, नरडाणा मागे टाकले की अमळनेर येते. इथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी नोकरीला होते. पुढे धरणगाव, १८९० साली तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरले, तेव्हा या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. जळगाव ओलांडून भुसावळकडे निघालात की भादली नावाचे छोटे स्टेशन लागते. ५ मे १९१८ रोजी तिथल्या रुळांवर, गाडीखाली, त्या कवीचा अंत झाला. वय सत्तावीस. शिक्षण, नोकरी, संसार, कशाचीच घडी त्यांना नीट बसवता आली नव्हती. भुसावळच्या पुढे, रुळांपासून जरा आत, फैजपूर आहे. प्लेगने मुंबई उठवली तेव्हा केशवसुत खान्देशात आले आणि १९०४ पर्यंत त्यांनी फैजपूरच्या शाळेत मुख्याध्यापकी केली. आयुष्यभर मास्तरकी, तीही अस्थिर. उपलब्ध कविता दीडशेच्या आत. हयातीत संग्रह नाही. १९०५ मध्ये हुबळीला मृत्यू, वय एकोणचाळीस. त्याच फैजपुरात १९०९ साली बा. सी. मर्ढेकर जन्मले. त्यांनी आकाशवाणीची नोकरी केली. १९४७ मध्ये ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. म्हणजे आरोपी सरकारी नोकर आणि फिर्यादी सरकार. कवी निर्दोष सुटला, आणि १९५६ च्या मार्चमध्ये, नोकरीतच, दिल्लीत वारला. वय सेहेचाळीस.

एका रेल्वेमार्गाच्या आजूबाजूला मराठी कवितेच्या दोन मोठ्या वळणांची माणसे सापडतात, केशवसुत आणि मर्ढेकर, आणि दोघेही पगारदार. म्हणून नोकरी हा साहित्याचा शत्रू आहे असले रडगाणे आम्ही गाणार नाही. उलट, नोकरीनेच इथले साहित्य पोसले. धुळ्यात प्राध्यापकी केलेल्या पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये ‘कवितारती’ सुरू केले आणि निव्वळ कवितेला वाहिलेले नियतकालिक या कोरडवाहू जिल्ह्यातून तीन दशकांहून अधिक काळ चालते ठेवले. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. पुढे त्यांनीही धुळ्यापासून गोव्यापर्यंत इंग्रजी शिकवून घर चालवले. पगार होता म्हणून कुणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि हात पसरावा लागला नाही म्हणून मनासारखे लिहिता आले. नोकरी सोडून लिहायला बसतो म्हणणाऱ्या तरुणाला आम्ही आजही सांगू, बाबा, असे करू नकोस.

मग बिघडले कुठे?

पूर्वी कचेरीला दार होते. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायचा आणि कुलूप लागले की कागद आत, माणूस बाहेर. आता खिशातल्या मोबाइलमध्ये कचेरी घरी येते. रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप पडतो: ‘सोबतच्या तक्त्यात माहिती आजच्या आज भरावी. विलंबाची जबाबदारी आपली राहील.’ सोबतचा तक्ता उघडत नाही. मग ‘सर, लिंक ओपन होत नाही’ असे चाळीस निरोप. मग साहेबांचा अंगठा. मग दुसऱ्या दिवशी कळते की तीच माहिती मागच्या महिन्यात दुसऱ्या नमुन्यात दिलेली होती. शाळामास्तराला मुले शिकवायची असतात, पण त्याच्या हातात मतदारयाद्या आहेत, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आहेत, कार्यक्रम झाल्याचे फोटो आहेत. कार्यक्रम झाला नाही तरी चालेल, फोटो हवा. बँकेतल्या माणसाला खातेदाराचे पैसे मोजून द्यायचे असतात, पण त्याला विम्याचे टार्गेट आहे आणि संध्याकाळी कॉलवर वीस जणांसमोर त्याची खरडपट्टी आहे. मार्च एंडिंग हे पूर्वी मार्चमध्ये यायचे. आता ते बारा महिने असते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे आमचे ज्येष्ठ मित्रच असतात. बहिणाबाईंना कुठे वेळ होता? असोद्याची लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून, अक्षरओळख नाही, शेतात राबणे, घरात राबणे, अकाली वैधव्य. आणि तरी जात्यावर, शेतात त्या गात गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतले म्हणून ते उरले आणि त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये अत्रे यांच्या पुढाकाराने पुस्तक आले. मग आजच्या पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाला काय धाड भरली?

आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. जाते हात अडकवते. मन मोकळे ठेवते. एवढेच काय, जात्याला स्वतःची लय असते आणि ती लय ओवीला पाट देते. निंदणी, खुडणी, दळण, सडासारवण ही सगळी अंग मोडणारी कामे. त्या कामांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या कामांत माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतो. अंग वावरात, जीव माहेरी. कचेरीचे आजचे काम नेमके उलटे आहे. अंग खुर्चीत रिकामे बसलेले असते आणि मन मात्र पूर्ण गहाण. चुकेल का, विचारतील का, नोटीस निघेल का, बदली होईल का. या धास्तीला लय नाही. ती झोपेतही चालू राहते. आमच्या कथाकाराचे ‘डोकामा काहीच येत नही’ हे अर्धेच खरे आहे, असे आम्हाला वाटते. त्याच्या डोक्यात पुष्कळ आहे. जागा नाही.

आणखी एक नुकसान आहे, त्याकडे कुणी फारसे बघत नाही. कचेरी भाषा खाते. दिवसाचे आठ तास जो माणूस ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सविनय सादर’, ‘नियमोचित कार्यवाही करण्यात यावी’ असे लिहितो, त्याच्या हाताला ते वळण लागते. आमच्याकडे येणाऱ्या कथांत नवरा बायकोला सांगतो, ‘मी तुला याबाबत अवगत केले होते.’ आम्ही हसतो, मग हसू मावळते. हा लेखक अहिराणीत वाढला. त्याच्या आईच्या तोंडी म्हणींचा झरा होता. दुपारपर्यंत टिपणी आणि संध्याकाळी कथा, यांच्यामध्ये त्याला आपल्या बोलीत परत यायला तासभर तरी हवा. पारावर बसून, चहाच्या टपरीवर, अप-डाऊनच्या डब्यात गप्पा मारत. तो तास पूर्वी होता. आता त्या डब्यात प्रत्येक जण खाली मान घालून तक्ता भरत असतो.

सर्जनाच्या गप्पा सोडा, शरीराचे ऐका असे कुणी म्हणेल, तर तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ ही कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हणून आपल्या वर्गीकरणात नोंदवली. तीन खुणा सांगितल्या: गळून जाणे, कामाचा वीट किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असे वाटणे. तिन्ही खुणा आमच्या ओळखीच्या किती चेहऱ्यांवर दिसतात, ते वाचकाने मनातल्या मनात मोजावे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ मध्ये हिशेब मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात जगभर अशा लांबलेल्या कामापायी सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू. २०२४ च्या जुलैत पुण्यात सव्वीस वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी नोकरी लागून चार महिने होतात न होतात तोच गेली. तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. हळहळ झाली, चौकशीच्या घोषणा झाल्या, विषय मागे पडला.

मागे पडला म्हणणेही सौम्य आहे. वारा उलट्या दिशेने वाहतो आहे. २०२३ मध्ये एका नामवंत उद्योजकाने तरुणांना आठवड्याचे ७० तास काम करायला सांगितले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्याने आकडा ९० वर नेला. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास आणि कारखान्यांतली ९ वरून १२ तास करण्याला मान्यता दिली. गुंतवणूक येईल, जादा कामाचा मोबदला मिळेल, कामगाराची संमती लागेल, असे सांगितले गेले. संमती! ज्या गावात एका जागेसाठी शंभर पोरे रांगेत उभी असतात तिथे मालकाच्या पुढ्यात बसून ‘मी संमती देत नाही’ म्हणणारा मायचा लाल कुठून आणायचा?

जगात दुसरा विचार करणारेही आहेत. कामाचे तास संपल्यावर मालकाच्या फोनला, निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या ऑगस्टपासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी हेच खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, हे खरे. पण सहाव्या दिवशी दौरा, शिबिर, आढावा किंवा निदान ग्रुपवरचा तक्ता असतोच. कागदावरची सुटी आणि मनाची सुटी यांत फार अंतर पडले आहे.

इथवर आम्ही सरकारला आणि साहेबांना बोललो. आता लिहिणाऱ्यांनाही बोलले पाहिजे.

जागरणाचे भारी कौतुक आपल्या मंडळींत आहे. रात्री दोनपर्यंत लिहिले, पहाटे सहाची गाडी पकडली, हे छातीवर बिल्ला लावल्यासारखे सांगतात. प्रागच्या काफ्काचे नाव अशा वेळी घेतले जाते: तोही विमा संस्थेत नोकरी करायचा, रात्री लिहायचा; १९१२ च्या सप्टेंबरात त्याने एक आख्खी कथा रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत एका बैठकीत लिहिली. सगळे खरे. पण काफ्काची कचेरी सकाळी आठला भरून दुपारी दोनला सुटायची, हे मात्र कुणी सांगत नाही. दोनला सुटणारी कचेरी दोंडाईच्यात कुणाला लाभली असेल तर त्याने जरूर रात्रभर लिहावे. आणि तरीही ध्यानात ठेवावे की १९१७ मध्ये त्या माणसाला क्षय झाला आणि चाळिशीत तो संपला. जागरणाने क्षय होतो असे आमचे म्हणणे नाही. थकलेल्या देहाला आणखी पिळण्यात मर्दुमकी नाही, एवढेच.

त्यापेक्षा इंग्लंडातल्या अँथनी ट्रॉलोप या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याचे उदाहरण शहाणपणाचे. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, पाव तासाला अडीचशे शब्द, मग न्याहारी आणि नोकरी. चाळीसहून अधिक कादंबऱ्या त्याने अशा लिहिल्या. मात्र त्याच्या गोष्टीतला एक बारीक तपशील आम्हाला फार आवडतो. पहाटे त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक म्हातारा नोकर होता, आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या यशात या नोकराचा वाटा मोठा, असे ट्रॉलोपने आत्मचरित्रात कबूल करून टाकले आहे.

आता आपल्या घरात बघा. पहाटे लिहायला बसलेल्या कवीच्या हातात चहा कोण आणून देते? तिला काय जादा मिळते? आणि ती स्वतः लिहिणारी असली तर तिला चहा कोण देते? लिहिणाऱ्या नोकरदार बाईला कचेरी सुटल्यावर दुसरी पाळी असते, ती स्वयंपाकघरात; आणि वहीचा नंबर लागलाच तर तिसरा. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या कविता पुष्कळदा लहान असतात. समीक्षक त्याला अल्पाक्षरी शैली म्हणतात. आम्हाला वाटते, कुकरच्या तीन शिट्ट्यांत तेवढेच होते. नोकरीमुळे लिहिता येत नाही म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या नवरोबांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी भाकरी थापायला घ्याव्या. थापता येत नसतील तर भात लावावा.

साने गुरुजींकडे पुन्हा जाऊ या, कारण आमचे बोलणे त्यांच्याशिवाय पुरे होत नाही. अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी हाताने लिहून दैनिक काढत. दिवसभर शिकवायचे, मुलांची सेवाशुश्रूषा करायची, आणि रोज लिहायचे. ते निभले, कारण नोकरी आणि लिहिणे एकाच दिशेला तोंड करून होते: दोन्ही त्या मुलांसाठी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, दिवसाचे काम संपवून, चार-पाच रात्रींत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. विचित्र वाटेल, पण मनात आल्यावाचून राहत नाही: परक्या सरकारच्या तुरुंगात कैद्याला मिळालेली निवांत रात्र आज स्वतःच्या सरकारच्या कारकुनाला स्वतःच्या घरात मिळत नाही. जेलर रात्री साडेनऊला लिंक पाठवत नव्हता.

पण गुरुजींची गोष्ट तिथे संपवली तर ते अप्रामाणिक होईल. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. पन्नास वर्षांचे वय, कितीतरी पुस्तके, घराघरात वाचले जाणारे नाव. एवढे लिहिणारा, एवढी माया करणारा माणूस आतून किती थकला होता, ते महाराष्ट्राला वेळेवर कळले नाही. म्हणून ‘लिहा, म्हणजे मन हलके होईल’ हा सल्ला आम्ही सरसकट देत नाही. लिहिण्याने मन कधी हलके होते, कधी जडही होते. झोप उडाली असेल, सकाळी कचेरीच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते कथेचे बीज समजून वहीत दाबून ठेवू नका. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन विनामूल्य, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. खोकल्याला औषध घेताना आपण लाजत नाही.

आणि लिहिणारे सहकारी ज्यांच्या हाताखाली आहेत अशा अधिकाऱ्यांना दोन शब्द. तुमच्या कचेरीत एखादा कवी आहे असे कळताच तुम्ही त्याच्याकडून काय करून घेता? मंत्र्यांच्या स्वागताचे भाषण, निवृत्त होणाऱ्या साहेबांवर मानपत्र, महिलादिनाच्या चारोळ्या, आणि सगळ्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन. हे त्याच्या गुणांचे चीज नव्हे. ही वेठबिगारी आहे. सुताराला मोफत खिडक्या बसवायला कुणी सांगत नाही. लेखकाला हक्काने सांगतात, कारण शब्दांना पैसे पडत नाहीत अशी समजूत आहे. पुढे त्यानेच एखाद्या अंकात कार्यालयावर बेतलेली कथा लिहिली की मात्र ‘वर्तणूक नियम’ आठवतात. १९७९ च्या त्या नियमांनी निव्वळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला मोकळीक ठेवली आहे. ते एकदा काढून वाचावेत.

आमची मागणी मोठी नाही. कायदा येईल तेव्हा येईल, प्रत्येक कार्यालयप्रमुखाला एक लेखी सूचना आजही काढता येते: संध्याकाळी सातनंतर आणि सुटीच्या दिवशी ग्रुपवर कामाचा निरोप टाकायचा नाही, पूर, आग, साथ असे खरेच तातडीचे असेल तर फोन करायचा. याला निधी लागत नाही, पदनिर्मिती लागत नाही, मंत्रालयात फाइल जावी लागत नाही. कर्मचारी संघटना महागाई भत्त्याच्या टक्क्यासाठी जेवढा घसा कोरडा करतात त्याच्या चौथाईने जरी संध्याकाळसाठी भांडल्या तरी हे होईल. वाचनालये नोकरदार घरी परतण्याच्या वेळी दारे लावतात. निदान आठवड्यातून तीन दिवस ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. घरी टीव्ही, पाहुणे आणि पोरांचा अभ्यास असतो. एक टेबल, एक दिवा आणि मोबाइलला बंदी, एवढे मिळाले तरी पुष्कळ जणांची वही कपाटातून बाहेर येईल.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मांडव पडले, दिंडी निघाली, आम्हीही ऊर भरून आल्यासारखे हिंडलो. त्या मांडवात पुस्तकांच्या गाळ्यासमोर याच आमच्या कारकून कथाकाराला आम्ही पाहिले होते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फोन. कार्यालयातून बोलावणे आले होते, रविवार होता. पुस्तक परत ठेवून तो स्टेशनच्या दिशेने गेला.

त्याचे नाव आम्ही यादीतून काढलेले नाही. यंदाच्या अंकात सोळा पाने आम्ही नोकरी करणाऱ्या लेखक-लेखिकांसाठी राखून ठेवली आहेत. कथा पुरी झाली नसली तरी चालेल, दोन पाने असली तरी चालेल, पाठकोऱ्या कागदावर शाईपेनाने लिहिलेले तर आनंदाने चालेल. अहिराणीत लिहा, मराठीत लिहा. नाव द्यायची भीती वाटत असेल तर टोपणनाव घ्या. गुपित आमच्याकडे सुरक्षित राहील. साहित्य पाठवायची मुदत आम्ही महिनाभराने वाढवली आहे.